रवळूच्या नावाची बंदूक

जयवंतीच्या धाकट्या लेकीचं, प्राचीचं, लग्न झालं ते साल दोन हजार एक्केचाळीस. मांडवाचे खांब अजून अंगणातच पडले होते, तोच वनखात्याची गाडी आंबेखोलीत आली आणि डोंगरातल्या झाडांना कान लावून गेली.

कान म्हणजे मुठीएवढी काळी डबी. उन्हावर चालायची, पावसाला दाद द्यायची नाही. ती लावली होती हत्तींसाठी. घाटापलीकडून हत्ती उतरायचे आणि एका फेरीत माणसाची वर्षाची केळी आडवी करून जायचे. हत्ती एकमेकांशी फार खालच्या सुरात बोलतात, इतक्या खालच्या की माणसाच्या कानाला ते लागतच नाही. डबीला लागायचं. तिने ऐकलं की गावातले फोन वाजायचे आणि माणसं पत्र्याचे डबे बडवत बाहेर पडायची. केळी वाचू लागली तसा गावाने डबीला नमस्कार केला. तिला आणखी काय काय ऐकू येतं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

तिला बंदुकाही ऐकू येत होत्या.

बंदुकीचा बार सगळ्यांना सारखाच वाटतो, पण तो सारखा नसतो. दारू पेटते तो एक आवाज, नळी थरथरते तो दुसरा, आणि लाकडी दस्ता खांद्यावर आदळून घुमतो तो तिसरा. कारखान्यातल्या बंदुका जुळ्या भावंडांसारख्या. त्यांच्या आवाजात फरक थोडा. पण कोकणातली ठासणीची बंदूक, जिच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायचे, ती हाताने घडवलेली. कोणाची नळी लांब, कोणाची आतून गंजलेली, कोणाचा दस्ता फणसाचा तर कोणाचा शिसवीचा. माणूस अंधारात खोकला तरी घरची बाई ओळखते की हा अमका. तशी डबी बंदूक ओळखायला शिकली. बार कुठे झाला तेही तिला कळायचं. आवाज सगळ्या डब्यांना एकदम पोचत नाही. जवळच्या डबीला आधी, लांबच्या डबीला मागाहून. वीज चमकल्यावर गडगडाट किती उशिरा आला यावरून ती जवळ पडली की लांब, हे आपण ठरवतो, तसंच.

मग सरकारने परवानेवाल्यांना शाळेच्या मैदानात बोलावलं. शेती राखायला म्हणून ज्याच्याकडे बंदूक होती, त्याने डबीसमोर एक बार काढायचा आणि त्या आवाजाला आपलं नाव लावून घ्यायचं. गावाने त्याला बंदुकीचं बारसं म्हटलं. जयवंतीचा थोरला भाऊ रवळू परब बापाच्या वेळची बंदूक घेऊन उभा राहिला, तेव्हा बाबल मेस्त्रीने सगळ्यांदेखत विचारलं, "रवळू, बाळाचा टोपडा खंय?" रवळूने खांद्यावरचा टॉवेल काढून नळीच्या तोंडावर बांधला. साहेबसुद्धा हसले.

बारशामागून कायदा आला. बंदूक ज्याच्या नावाची, तिच्या प्रत्येक बाराला उत्तर त्यानेच द्यायचं. वाचायला ठीक होता. डोंगरात रवळूची बंदूक बोलली की रवळूच बोलला, असं यंत्र धरून चालायचं, आणि यंत्रामागची माणसंही तसंच धरू लागली.

दोन वर्षं गेली. दिवाळी सरल्यावर सुहास मयेकरला मारलं.

मयेकर ग्रामपंचायतीचा सदस्य. डोंगराच्या कुशीत चिरेखाण सुरू झाली होती आणि तिच्यामुळे गावचा झरा आटत चालला होता, म्हणून तो कोर्टात गेला होता. मोटारसायकलवरून घरी येताना खिंडीत कोणी तरी त्याच्यावर बार काढला. त्याला उचलून गाडीत घालेपर्यंत ठाण्यातल्या पडद्यावर नाव आलंसुद्धा: रवळनाथ परब, आंबेखोल. खाणवाल्यांना बोलवायला निघालेली जीप अर्ध्या वाटेतून वळली आणि रवळूच्या दारात उभी राहिली. यंत्राने नाव सांगितलं की माणसं शोधायची थांबतात.

रवळूच्या घरात बंदूक नव्हती. ती आपल्याकडे नाही, गेल्या साली पावसाळ्यात दिली, एवढंच तो म्हणाला. कोणाला दिली, यावर त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरून त्याला अंगणातली तुळसही धड दिसत नव्हती, मयेकरशी त्याचं वाकडंही नव्हतं. वकील जयवंतीला म्हणाले, घेणाऱ्याचं नाव सांगितलं तर तो सुटण्यासारखा आहे. नाही तर कायद्याने खून त्याच्या नावावर आहे आणि जन्मठेप ठरलेली.

तो का बोलत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि पोलिसांना कोणी सांगत नव्हतं. आंबेखोलीत बंदुका कधी कागदावर विकल्या गेल्या नाहीत. देणारा आणि घेणारा देवळात जायचे, एकाच नारळावर दोघांनी हात ठेवायचा आणि शब्द द्यायचा. कोणाला दिली हे देणाऱ्याने बोलायचं नाही, कोणाकडून आली हे घेणाऱ्याने बोलायचं नाही. तो शब्द एकाच वाटेने सुटायचा. दिलेली वस्तू पहिल्या धन्याच्या दारात परत आली, तर.

जयवंती भावाला भेटायला कोठडीत गेली. तिने घरून भाकरी नि सुकटीची चटणी नेली होती. रवळूने ती खाल्ली, सुपारी कितपत धरलीय ते विचारलं, प्राचीचं विचारलं. बहिणीच्या तोंडाकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही. तिने बंदुकीचा विषय काढला तसा तो उठून उभाच राहिला.

"तू घराक जा गो बाये," तो म्हणाला. "माका काय इचारू नको."

ती घरी आली, पण तिच्या मनात जो किडा शिरला तो काही जाईना. रवळूची बंदूक आंबेखोलीतच कोणाच्या तरी घरात गेली होती आणि तो माणूस रोज तिच्या समोरून जात होता, रामराम करत होता, रवळूचं वाईट झालं म्हणत होता. दुकानावर कोणी बोलताना थांबलं की तिला वाटे, हाच. कोणी जास्त हळहळलं की वाटे, हाच असणार.

पहिला संशय तिने बाबल मेस्त्रीवर घेतला. बंदुकांचे दस्ते बसवायचं काम त्याचं. कोणाची बंदूक कोणाच्या हातात आहे हे त्याला कळल्याशिवाय राहणार नाही. ती त्याच्या पडवीत जाऊन सरळ विचारायला लागली, तेव्हा बाबलची बायको सत्यवती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. जयवंतीने पाण्याला हात लावला नाही. सत्यवतीने तांब्या तसाच आत नेला. बाबल रंधा मारत राहिला आणि शेवटी म्हणाला की चोराच्या घरचं पाणी नको असेल तर चोराच्या पडवीत बसूही नये. चाळीस वर्षांचा शेजार त्या दिवशी तुटला.

मग तिने पुरुषांना विचारणं सोडलं आणि बायकांकडे वळली. तिला एक गोष्ट सुचली होती. रानात डुक्कर पडलं की त्याचे वाटे होतात. हाकारे घालून रान उठवणाऱ्यांना तुकडे केलेलं सरमिसळ मटण मिळतं, कुत्र्याचा वाटा वेगळा निघतो, आणि बंदुकीचाही वाटा असतो. बंदूक ज्याच्या घरची, त्याच्याकडे पुढचा एक पाय कातडीसकट, न तोडता जातो. मग बार कोणीही काढलेला असो. पुरुष शब्द पाळतील, पण अख्खा पाय घरात आला तर तो सोलायला, तोडायला आणि शिजवायला बाईच बसते. बाई ते विसरत नाही.

म्हणून ती चुलीचुलीपाशी जाऊन बसली. कधी हळद मागायला, कधी पापडाचं पीठ मळू लागायला. गोष्टीतून गोष्ट काढत विचारायची, की गेल्या वर्षात पाय कोणाकडे आला होता? कोणी म्हणाली, आमच्याकडे तर शेपूटही येत नाही. कोणी म्हणाली, पाय म्हणतेस, आमच्या घोवाला तुकड्यांतही हाडंच देतात. एकीने मात्र तिच्याकडे विचित्र पाहिलं आणि भाकरी थापता थापता विचारलं, तुला खरंच ठाऊक नाही? जयवंतीला त्या बाईचाही संशय आला.

अशात ठाण्यातून बोलावणं आलं. निरीक्षक अनघा पेडणेकर तरुण होत्या, आवाज चढवत नव्हत्या. त्यांनी जयवंतीला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाल्या की भावाचं तोंड उघडायचं असेल तर ते बहिणीलाच जमेल. मग भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्यांनी आंबेखोलीचा नकाशा लावला. बारसं झाल्यापासून रवळूची बंदूक जिथे जिथे बोलली होती, तिथे तिथे लाल ठिपका होता.

"हे बघा काकी," बाई म्हणाल्या, "तुमचे भाऊ म्हणतात, बंदूक गेल्या साली पावसाळ्यातच दिली. पण त्यानंतरही ती गावाच्या हद्दीतच वाजलीय. ही इथे, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत. ही ओढ्यावर. आणि ही होळीच्या आदल्या दिवशी, तुमच्याच पोफळीच्या बागेच्या वर. रवळू तुमच्याकडे आले होते का त्या दिवशी?"

बाईंनी त्या ठिपक्याचा आवाजही लावला. एक बार, त्याचा डोंगरावरून परतलेला घुमारा, आणि मागे कुत्र्याचं भुंकणं. जयवंतीने ते भुंकणं ओळखलं. घरचाच कुत्रा होता.

होळीच्या आदल्या दिवशी तिचा नवरा गुणाजी केळीच्या पानात गुंडाळून मटण घेऊन आला होता. पुढचा पाय, कातडीसकट. रान उठवायला गेलो होतो, त्याचा वाटा मिळाला, असं तो म्हणाला होता. रान उठवणाऱ्याला कधी अख्खा पाय मिळत नाही. हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. पण घरात पाहुणे होते, प्राची आणि जावई शिमग्याला आले होते, आणि तिने आनंदाने खोबरं भाजून वाटण केलं होतं. जावयाने दोनदा मागून घेतलं होतं.

सगळ्या गावच्या चुली तिने विचारल्या होत्या, स्वतःची सोडून.

रवळू त्या दिवशी आला नव्हता, एवढंच तिने सांगितलं. बाकी मला त्यातलं काही कळत नाही म्हणाली. बाईंनी पडदा बंद केला.

गुणाजी मागच्या अंगणात सुपारी सोलत बसला होता. जयवंती पदर खोचून त्याच्यासमोर बसली आणि तीही सोलू लागली.

"होळयेक पाय कोणी दिल्यान?" तिने विचारलं.

"कसलो पाय?"

"डुकराचो."

गुणाजीचे हात थांबले. त्याने आधी बाबलचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मग मिटलं. तिला सगळं कळून चुकलंय, हे त्याला तिच्या न थांबलेल्या हातांवरून कळलं.

मग त्याने सांगितलं. रवळूची नजर गेली, बंदूक खुंटीवर पडून होती आणि डुकरं पोफळीची मुळं उकरत होती. गुणाजीला परवाना मिळणार नव्हता. दोघे मेहुणे देवळात गेले, नारळावर हात ठेवला आणि बंदूक इकडे आली. माळ्यावर, प्राचीच्या लग्नातल्या मोठ्या पातेल्यांमागे. बार गुणाजीने काढावा आणि यंत्राने रवळूचं नाव लिहावं. रवळूकडे परवाना असल्यामुळे कोणी विचारायलाही येत नसे. सोय झाली होती.

ही सोय फक्त गुणाजीच्याच लक्षात आली नव्हती. कायदा आल्यापासून चोरट्या बाजारात बंदुकांचे दोन भाग पडले होते, बिननावाच्या आणि नावाच्या. पूर्वी चोरटा धंदा करणारा बिननावाची बंदूक शोधायचा. आता उलटं झालं. श्रावणात खाणीवरचा मुकादम दिगंबर काजूचं कारण काढून घरी आला आणि त्याने रवळूच्याच बंदुकीची चौकशी केली. त्याला कसं कळलं, हे गुणाजीला आजवर उमजलं नव्हतं. पुन्हा नारळ, पुन्हा शब्द.

"त्येका नावाचीच होयी होती," गुणाजी म्हणाला. "बिननावाची वाजली तर पोलीस धा जणांका शोधतत. नावाची वाजली तर एकाकच धरतत."

"आणि कित्याक होयी, ता तुमी इचारलास नाय."

"बंदूक विकलंय गो मी. गाय विकूक नाय, मगे बरी आसा काय म्हणान इचारूक जाऊक."

जयवंतीने हातातली सुपारी टोपलीत टाकली. म्हणजे भाऊ देवाच्या शब्दासाठी जन्मठेप भोगायला निघाला आणि तुम्ही इथे सुपारी सोलता, असं ती म्हणाली. गुणाजीने मान हलवली आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"देवासाठी नाय गो तो गप," तो म्हणाला. "तुझ्यासाठी आसा. माझा नाव घेतल्यान तर तुझा घर जायत, म्हणान."

ती उठून विहिरीवर गेली आणि कारण नसताना दोन कळशा पाणी ओढलं. एकीकडे भाऊ होता, दुसरीकडे नवरा. पोलिसांना सांगावं तर नवरा आत जाणार, देवाचा शब्दही आपल्याच तोंडून मोडणार. मुकादम म्हणेल मी ती बंदूक पाहिलीच नाही, आणि मग भाऊ सुटेलच याची तरी खात्री काय? न सांगावं तर भाऊ गेलाच. विहिरीच्या काठावर उभी राहून तिने आंबेखोलीतली कोणतीही बाई काढेल तीच वाट काढली. बंदूक परत यायला हवी. ती रवळूच्या दारात आली की सगळ्यांचे शब्द सुटले. मग बोलायला कोणाचीच आडकाठी नाही, आणि दाखवायला हातात वस्तूही असेल.

तिने नवऱ्याला तसं सांगितलं. बंदूक आणा, रवळूच्या पडवीत ठेवा, मग ठाण्यात आपण दोघंही जाऊ. गुणाजी म्हणाला, दिगंबर ती कशी देईल? ती म्हणाली, नेली तशी देईल. शब्द त्यानेही दिलाय, देऊळ त्यालाही आहे.

"आणि नाय दिल्यान तर?"

"तर तोंड दाखवू नका माका," जयवंती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून गुणाजी निघाला. ती त्याला पोचवायला बाहेर आली नाही. तो गेल्यावर तिला खुंटी रिकामी दिसली. प्राचीच्या लग्नात शिवलेला चांगला सदरा त्याने घातला होता. खाणीवर जायला चांगला सदरा कशाला, हा विचार तिच्या मनात आला आणि तिथेच रुतून बसला. दुपारी त्याचा फोन लागेना. संध्याकाळी तिने पेटी उघडून पाहिली, त्याचे कागद जागेवर आहेत का. कागद होते, पण संशयाला आता कागदांची गरज नव्हती. गोव्यात त्याची बहीण होती. बसस्टॉप खाणीच्याच रस्त्यावर होता. दिवे लागले तरी तो आला नाही, तेव्हा तिची खात्री पटली की हा माणूस तिला आणि तिच्या भावाला, दोघांनाही सोडून पळाला.

सकाळी ती पहिल्या बसने ठाण्यात गेली. देवाचा शब्द, घराची अब्रू, सगळं तिने रागाच्या भरात पेडणेकरबाईंच्या टेबलावर ओतलं. नारळ, पोफळी, डुकराचा पाय, दिगंबर मुकादम. आणि शेवटी, नवरा काल पळालाय, त्याला गोव्यात गाठा.

पेडणेकरबाई लिहून घेत होत्या. नवरा खाणीवर बंदूक मागायला गेला होता हे ऐकल्यावर त्यांची लेखणी थांबली. त्यांनी यंत्रावर बसणाऱ्या शिपायाला हाक मारली आणि काल काही ऐकू आलं होतं का, असं विचारलं.

शिपाई म्हणाला, काल यंत्र चुकलं होतं. दुपारी खाणीच्या मागच्या अंगाला एक बार ऐकला आणि पडद्यावर नाव आलं रवळनाथ परबचं. रवळनाथ परब तर तेव्हा समोरच्या कोठडीत जेवत होता. म्हणून त्याने यंत्रात बिघाड अशी नोंद करून कंपनीला दुरुस्तीसाठी कळवलं होतं. कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता.

पेडणेकरबाई टोपी न घेताच जीपकडे धावल्या. जयवंती मागच्या बाकावर जाऊन बसली. तिला कोणी उतर म्हटलं नाही.

खाणीच्या मागे, चिरे काढून झालेल्या खड्ड्याच्या काठावर गुणाजी पडला होता. अंगात चांगला सदरा होता. कोणाच्या दारात काही मागायला जाताना माणूस घालतो, तसा. तो पडला तिथून रस्त्याच्या दिशेने बरंच अंतर सरपटत आला होता. लाल मातीत ते दिसत होतं.

दिगंबर मुकादम त्याच आठवड्यात पकडला गेला. बंदूक खाणीतल्या पाण्यात सापडली. रवळू सुटला, पण बहिणीच्या घरी जायला त्याला पुष्कळ दिवस धीर झाला नाही. सत्यवती मेस्त्री मात्र पहिल्याच दिवशी पेज घेऊन आली आणि जयवंतीने ती घेतली.

गुणाजी सखाराम गवस, राहणार आंबेखोल, वारला तो दोन हजार त्रेचाळीस साली, मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी. बार दुपारी झाला होता. जीव सांजेला गेला, असं डॉक्टरांनी लिहिलं.